पाण्यावरचे रस्ते : मुंबई बंदरातले बोटींचे नियम वर्गात कसे शिकवावेत

इयत्ता : सहावी ते आठवी. विषय : परिसर, भूगोल आणि थोडं गणित. लागणारं साहित्य : लाल आणि हिरवी रिबीन, खडू, शाळेचं मैदान, एक दिनदर्शिका.

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, आपल्या लालबाग-परळ, गिरगाव, दादरच्या मुलांना रस्त्याचे नियम तोंडपाठ असतात. लाल सिग्नलला थांबा, झेब्रा क्रॉसिंगवरून जा, डावीकडून चाला. पण आपण राहतो ते एका बेटावर. तीन बाजूंना पाणी, आणि त्या पाण्यावर रोज शेकडो होड्या, लाँच, ट्रॉलर, तेलाची जहाजं, नौदलाच्या बोटी ये-जा करतात. त्या एकमेकींना धडकत कशा नाहीत? मी हा प्रश्न वर्गात विचारला तेव्हा एका मुलाने उत्तर दिलं, "सर, समुद्र एवढा मोठा आहे, धडकतील कशाला?" उत्तर अगदी स्वाभाविक आहे, आणि धडा नेमका तिथूनच सुरू करावा. कारण समुद्र मोठा असला तरी बंदर मोठं नसतं. खोल पाण्याची वाट तर फारच अरुंद असते.

आणि धडकतात. १८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट येऊन आदळली. जवाहर द्वीप म्हणजे बुचर आयलंडच्या जवळ. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला असं नौदलाने सांगितलं. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. नीलकमलचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशी एवढ्यांचा होता, प्रत्यक्षात बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती. बातम्या मुलांनी पाहिलेल्या आहेत, व्हिडिओसुद्धा पाहिलेले आहेत. त्यामुळे विषय टाळण्यात अर्थ नाही. भीती मनात राहण्यापेक्षा नियम डोक्यात राहिलेला बरा, असं माझं मत आहे.

उजवीकडून चला

पहिलाच नियम मुलांना चकित करतो. आपल्याकडे रस्त्यावर वाहनं डावीकडून चालतात, पाण्यात मात्र जगभर उजवीकडून. अरुंद खाडीत किंवा बंदराच्या वाटेत प्रत्येक बोटीने आपल्या उजव्या काठाला धरून जायचं. समोरून दुसरी बोट सरळ आपल्यावर येत असेल, तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, म्हणजे दोघी एकमेकींच्या डाव्या बाजूने निघून जातात. हे नियम कुण्या एका देशाचे नाहीत. १९७२ साली सगळ्या देशांनी मिळून समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी एक नियमावली ठरवली, ती १५ जुलै १९७७ पासून लागू झाली. आपला देशही तिच्यात आहे. मुंबईला येणाऱ्या जहाजाचा कप्तान कोरियाचा असो की ग्रीसचा, ससून डॉकमधला आपला तांडेल आणि तो, दोघांना हेच नियम.

आता मैदानावर या. प्रत्येक मुलाच्या डाव्या मनगटाला लाल रिबीन बांधा, उजव्या मनगटाला हिरवी. बोटीलाही रात्री असेच दिवे असतात, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. इंजिनाच्या बोटीला पुढे उंचावर आणखी एक पांढरा. मुलांनी हात थोडे बाजूला पसरून बोट व्हायचं आणि मैदानात चालायला लागायचं.

समोरासमोर आलात, समोरच्याचे लाल-हिरवे दोन्ही दिसतात? दोघंही उजवीकडे वळा. हे दोन मिनिटांत जमतं.

खरी गंमत आडवं येण्यात आहे. दोन इंजिनाच्या बोटी एकमेकींची वाट कापत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे त्याने वाट द्यायची. मुलं इथे गोंधळतात. त्यांना एकच विचारा, "तुला त्याचा कोणता रंग दिसतोय?" उजवीकडून येणाऱ्या बोटीची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणजे आपल्याला तिचा लाल दिवा दिसतो. लाल दिसला की आपण थांबायचं किंवा तिच्या मागून जायचं. त्याच वेळी तिला आपला हिरवा दिसत असतो, म्हणून ती सरळ जाते. चौकातल्या सिग्नलसारखंच झालं की नाही? फरक एवढाच की हा सिग्नल खांबावर नसून प्रत्येक बोटीच्या अंगावर आहे. आमच्या सातवीच्या मुलींनी हे समजल्यावर मैदानात पंधरा मिनिटं एकही धक्का न लागता 'बंदर' चालवून दाखवलं. मुलांना जरा वेळ लागला, ते मुद्दाम धडकत होते.

वाट देताना घाबरत घाबरत थोडं थोडं वळायचं नाही, लवकर आणि ठळक वळायचं, म्हणजे समोरच्याला आपला विचार कळतो. आणि ज्याला पुढे जायचा हक्क आहे त्याने उगाच वेग-दिशा बदलायची नाही. पण समोरचा वळतच नाही असं दिसलं, तर 'माझा हक्क' म्हणत बसायचं नाही, आपणच टक्कर टाळायची.

मागून येऊन पुढे जायचं असेल तर? सगळी जबाबदारी मागच्याची. रात्री समोर नुसता पांढरा दिवा दिसला, तर समजावं की आपण कुणाच्या तरी पाठीशी आहोत. भोंग्याची भाषाही मुलांना फार आवडते, टाळ्यांनी करून घ्या. एक छोटी टाळी, मी उजवीकडे वळतोय. दोन, डावीकडे. तीन, इंजिन उलटं फिरवतोय. पाच किंवा जास्त भराभर, 'अरे बाबा, तुझं चाललंय काय ते मला कळत नाहीये!' ही पाच टाळ्यांची खूण नंतर आमच्या वर्गात भलत्याच कारणांसाठी वापरली जाऊ लागली, ती गोष्ट वेगळी.

बंदराच्या वाटेवर तरंगणारे बोये असतात. समुद्राकडून आत येताना आपल्याकडे लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत नेमकं उलट आहे. एवढं सांगून पुढे गेलं तरी चालेल.

बोटीला ब्रेक नसतो

हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. मुलांना सायकलची सवय असते. बोट थांबवायची म्हणजे इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट पाहायची. मालाने भरलेल्या मोठ्या जहाजाला पूर्ण वेगातून थांबायला काही किलोमीटर लागू शकतात. शिवाय मोठ्या जहाजाच्या नाळेसमोरचा पाण्याचा तुकडा वरच्या चालकाला दिसतच नाही. कंटेनर रचलेले असले की आणखी कमी. आंतरराष्ट्रीय नियमाने ही न दिसणारी जागा जहाजाच्या लांबीच्या दुपटीपेक्षा किंवा ५०० मीटरपेक्षा, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त असता कामा नये. ५०० मीटर म्हणजे किती? मुलांना शाळेच्या फाटकापासून मोजायला लावा. तेवढ्या अंतरात असलेली होडी त्या कप्तानासाठी अस्तित्वातच नाही.

म्हणून अरुंद वाटेत २० मीटरपेक्षा लहान बोटींनी, शिडाच्या होड्यांनी आणि मासेमारी करणाऱ्यांनी मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही असा नियम आहे. मोठं जहाज त्या खोल वाटेबाहेर गेलं तर गाळात रुतेल, लहान होडीला मात्र बाजूला जागा असते. 'ज्याला हलता येतं त्याने हलावं', असा हा विचार आहे. बेस्टची बस गल्लीत वळत असताना आपण स्कूटर बाजूला घेतो तसंच.

आणि मोठी जहाजंसुद्धा चुकतात, बरं का. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारं 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदरात येणारं 'खलिजिया ३' ही दोन जहाजं मुंबईच्या तोंडाशीच एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले, तेल सांडलं, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. मासेमारीही बंद पडली. दोन जहाजांच्या चुकीची किंमत कोळीवाड्यांनी मोजली, हा मुद्दा नागरिकशास्त्राच्या तासालाही घेता येईल.

वेगाबद्दल नियमात एक मजेशीर गोष्ट आहे. 'सुरक्षित वेग' ठेवा असं म्हटलंय, पण आकडा दिलेला नाही. धुकं किती, गर्दी किती, वारा-प्रवाह कसा, पाणी किती खोल, आपली बोट किती अंतरात थांबते आणि वळते, हे सगळं पाहून चालकाने ठरवायचं. मुलांना विचारा, आकडा का नसेल? आमच्या वर्गात यावर अर्धा तास वाद झाला आणि मी मध्ये पडलो नाही. दुसरं कलम सतत नजर ठेवण्याचं आहे, डोळ्यांनी आणि कानांनीही. कान का, हे मुलं स्वतः शोधून काढतात. धुक्यासाठी!

दुसऱ्याचा विचार

एका विद्यार्थ्याचे आजोबा वरळी कोळीवाड्यातले, आयुष्यभर समुद्रावर गेलेले. त्यांना आम्ही वर्गात बोलावलं. मुलं त्यांना नाखवा आजोबा म्हणू लागली. एकाने विचारलं, "आजोबा, समुद्रात कुणाची भीती वाटते? शार्कची?" ते हसले. म्हणाले, "शार्क कुठला रे पोरा! जोरात जाणाऱ्या बोटीची. ती गेली निघून, तिची लाट मागे राहते. आमची होडी धक्क्याला बांधलेली, माणूस जाळं उतरवतोय, आणि लाट येऊन आदळली की माणूस पाण्यात."

ही बोटीमागची लाट हा सभ्यपणाचा सगळ्यात मोठा धडा आहे. धक्क्याजवळ, नांगरलेल्या होड्यांजवळ, पोहणाऱ्यांजवळ वेग कमी करायचा. आपली लाट ही आपली जबाबदारी. तसंच जाळ्यांचं. रात्री एकावर एक लाल आणि पांढरा असे सगळीकडून दिसणारे दिवे दिसले तर तिथे मासेमारी चालू आहे. हिरवा वर आणि पांढरा खाली असेल तर ट्रॉलर जाळं ओढतोय. त्यांच्यापासून लांबून जायचं. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर एका घराची काही महिन्यांची कमाई जाते, आणि आपली बोटही बंद पडते.

आजोबांकडूनच कोस्टल रोडच्या पुलाचा विषय निघाला. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून कोळ्यांच्या होड्या समुद्रात जातात, आणि नेमके त्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरलं होतं. कागदावर ६० मीटर म्हणजे पुष्कळ वाटतं. पण खडक, वारा, ओढ, बंद पडलेलं इंजिन आणि समोरून येणारी दुसरी होडी हे सगळं धरलं की अपुरं. कोळी बांधवांनी बराच काळ हे मांडलं आणि शेवटी एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करण्याचं ठरलं. मुलांना मैदानात ६० पावलं आणि १२० पावलं आखून दोन्हींतून 'होड्या' नेऊन बघायला सांगा, अट एकच, चालताना दोघांनी बाजूने ढकलायचं. ढकलणं म्हणजे वारा. मग कळतं कोळी का भांडत होते.

भरतीचं गणित

बंदरात गाडीसारखं कधीही निघून चालत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, म्हणजे दीड मजला. ओहोटीला जिथे खडक उघडे असतात, तिथे भरतीला नुसतं पाणी दिसतं. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कामासाठी निघालेल्या लोकांची एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. वाट माहीत असलेला माणूस सोबत असणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

भरतीची वेळ काढायची आपल्या कोकणातली जुनी रीत आहे : तिथीच्या पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराच्या पाऊणपट, सव्वाअकरा. अंदाजच आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. दोन भरतींमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणून रोजची भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. दिनदर्शिका हातात द्या, पुढच्या आठवड्याच्या वेळा काढायला सांगा, आणि मग वेधशाळेच्या किंवा वर्तमानपत्रातल्या वेळांशी ताडून पाहा.

लालबागच्या मुलांना हे घरचंच उदाहरण देता येतं. २०२५ साली लालबागचा राजा रविवारी, ७ सप्टेंबरला सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला. त्या दिवशी पौर्णिमा. पाऊणपट करा, सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती. पाणी चढत गेलं आणि मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. ओहोटीची वाट पाहावी लागली आणि विसर्जन रात्री नऊच्या सुमारास झालं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या गर्दीत होती, पण 'उशीर का झाला' हे गणिताच्या तासाला पहिल्यांदा कळलं.

विसर्जनाच्या वेळी छोट्या होड्यांत बसून जवळून दर्शन घ्यायची हौस पुष्कळांना असते. २०१८ साली त्याच चौपाटीवर विसर्जनाच्या गर्दीत एक बोट उलटली होती आणि एक लहान मुलगा गेला. पालकांनी हे लक्षात ठेवावं एवढंच म्हणतो.

'चढा हो, जागा आहे'

आता मोठ्यांसाठी. मुलं नियम शिकतील, पण बोटीत चढायचं की नाही हे ती ठरवत नाहीत, आपण ठरवतो.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची आगबोट रेवसला निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, गिरगाव-परळकडची माणसं सणाला गावी निघालेली. भर पावसाळा, समुद्र खवळलेला. रेवसच्या अलीकडे, काशाच्या खडकाजवळ बोट लाटांनी एका अंगावर झुकली, घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली, आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी टोपल्या समुद्रात रिकाम्या करून माणसं वर ओढली, असं सांगतात. आपल्या भागातल्या जुन्या चाळींमध्ये रामदासची आठवण अजून निघते. कुणाकडे अशी आठवण असेल तर मुलांनी ती लिहून आणावी, हा चांगला गृहपाठ होईल.

यातलं 'एका बाजूला धावणं' फार महत्त्वाचं. गेटवेहून हिवाळ्यात बोटीने गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय, सीगल पक्षी बोटीमागे येतात, कुणीतरी वेफर्स फेकतं आणि सगळी बोट एका कठड्याला गोळा होते. फोटोसाठी तेच. मुलांना आधीच सांगून ठेवा : बोटीत बसलं की बसलं. (पक्ष्यांना वेफर्स घालू नयेत हे वेगळं.) वर्गात प्लास्टिकची डबी पाण्यावर तरंगवा, आत गोट्या ठेवा, आधी पसरून, मग सगळ्या एका कडेला. एकदा पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमची घारापुरीची सहल होती. एका बोटवाल्याने हाका मारल्या, "सर, चढा हो, पोरं लहान आहेत, जागा होईल." बोटीवर रंगवलेली प्रवासी-संख्या आम्ही वाचली, आत बसलेली डोकी मोजली, आणि ती बोट सोडून दिली. मुलं कुरकुरली. एक पालक म्हणाल्या, "अहो सर, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे." प्रश्न वीस मिनिटांचाच होता, म्हणून तर सोडता आली. लहान मुलं अर्धं तिकीट असतील, पण बुडताना ती अर्धी नसतात.

लाइफ जॅकेट. ते अंगावर हवं, बाकाखाली नको आणि छताला टांगलेलंही नको. पट्टे बांधलेले हवेत. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर अशी गत होते, म्हणून खांद्याला धरून वर उचलून पाहा, कानांपर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. नीलकमलच्या अपघातानंतर जॅकेट घालायची सक्ती झाली. उकडतं म्हणून मध्येच काढणारे असतातच, त्यात मोठी माणसं जास्त.

त्या अपघातात मदतीला पोहोचलेल्या सीआयएसएफच्या जवानांनी नंतर एक गोष्ट सांगितली, ती मला विसरता येत नाही. बोट बुडतेय हे पाहून काही आईबाप आपली मुलं पाण्यात सोडायच्या विचारात होते, निदान पाण्यातून कुणीतरी उचलेल म्हणून. जवानांनी ओरडून त्यांना थांबवलं आणि मुलांना वर घेतलं. मुलं त्यांच्या अंगात जॅकेट घालूनच बोटीत चढली असती तर त्या आईबापांवर ती वेळ आली असती का? शाळेच्या पालकसभेत मी हा प्रश्न विचारला, आणि सहलीच्या संमतीपत्रात लाइफ जॅकेटची ओळ पालकांनीच घालायला लावली.

तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन्ही सहलीच्या ओळखपत्रामागे लिहून द्या, फोनमध्ये भरून ठेवा.

मुलांना घरी द्यायचे प्रश्न : १) तुम्ही इंजिनाच्या होडीत आहात. उजव्या हाताला दूर लाल दिवा दिसतोय आणि तो तुमची वाट कापत येतोय. काय कराल? २) आज कोणती तिथी? पूर्ण भरती किती वाजता? ३) बोटीवर '६० प्रवासी' लिहिलंय. आत ५७ जण बसलेत. तुमच्या घरची पाच माणसं धक्क्यावर उभी आहेत आणि शेवटची बोट आहे. आईबाबांना काय सांगाल? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं पालकांनी स्वतः वाचून सही करून पाठवावीत.